बारमाही कॅराव्हॅनमध्ये फ्रीझरची भर : वर्धा जिल्ह्यातील एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यातील एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आणि त्यांच्या पत्नी जुन्या मिनीबसची कॅराव्हॅन करून तिच्यात बारमाही राहतात. गावातले घर मुलाकडे आहे आणि ते सणासुदीलाच तिथे मुक्काम करतात. हिवाळा नवेगाव बांध आणि भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांच्या परिसरात, उन्हाळ्याचे सर्वांत कडक आठवडे चिखलदऱ्याला आणि पावसाळा हिंगणघाटकडच्या एका नातेवाइकाच्या शेतावर, असा त्यांच्या वर्षाचा साधारण क्रम असून मधले दिवस एखाद्या आठवडी बाजाराच्या गावाजवळ जातात. गावात त्यांना सगळे गुरुजी आणि बाई म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन वापरले आहे.

गाडीत आधीपासून ९० लिटरचा एकदारी घरगुती फ्रिज होता. तो २३० व्होल्टवर, म्हणजे इन्व्हर्टरमार्फत चाले. त्याच्या मागे १५० अँपिअर-तासांच्या दोन शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या आणि छतावर ३३० वॅटची दोन सोलर पॅनेले होती. तक्रार सरळ होती. बाजार आठवड्यातून एकदा, तोही कधी कधी पंधरा-वीस किलोमीटरवर. तलावाकाठी मासे मिळतात तेव्हा भरपूर मिळतात आणि मिळत नाहीत तेव्हा अजिबात मिळत नाहीत. ओल्या तुरीचे सोले हिवाळ्यातच साठवावे लागतात आणि आमरस उन्हाळ्यात. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा मे महिन्यात बर्फसुद्धा नीट धरत नव्हता. गुरुजी इन्सुलिन घेतात, त्यामुळे फ्रिज बंद पडणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ गैरसोय नव्हती. फ्रिजची आणि फ्रीझरची जागा वाढवून हवी, एवढी मागणी घेऊन ते माझ्याकडे आले. सोलर आणि शीतकरणाची कामे मी करत असल्याने हे प्रकरण सुरुवातीपासून पाहता आले.

आधी फ्रिज रिकामा केला

नवीन काही घेण्यापूर्वी बाईंनी जुन्या फ्रिजमधील प्रत्येक वस्तू बाहेर काढून ओट्यावर मांडली आणि वहीत तिची नोंद केली. शिक्षकाच्या घरात नोंदवहीचे वावडे नसते. सर्वांत जास्त जागा पाण्याच्या बाटल्यांनी अडवली होती. त्यानंतर साय साठवण्याचे पातेले, लोणच्याच्या बरण्या, किडे होऊ नयेत म्हणून ठेवलेले बेसन आणि रवा, आणि मग पालेभाज्या. दूध, दही, शिजवलेले अन्न, मासे आणि इन्सुलिन यांच्या वाट्याला एकूण जागेच्या निम्मीही जागा आली नव्हती. “अहो, मोठा फ्रिज नंतर आणा, आधी या बाटल्या बाहेर काढा,” असे बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, आणि या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वस्त निर्णय तोच ठरला. पिण्याचे पाणी माठात गेले. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीतली बाटली आत ठेवली की फ्रिजला प्रत्येक लिटरमागे सव्वाशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर फेकावी लागते. रोज सहा बाटल्या पाण्याचा गारवा म्हणजे कॉम्प्रेसरला फुकटचा ओव्हरटाइम होता.

पालेभाज्यांबाबत विदर्भाच्या उन्हाळ्याचा एक फायदा घेता येतो, तो कोकणात घेता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापमान ४४ अंश असते तेव्हा हवेतील आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते, आणि अशा कोरड्या हवेत ओल्या पृष्ठभागाचे तापमान तत्त्वतः २३ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडचे वाळ्याचे कूलर याच गुणावर चालतात आणि पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्षही याच तत्त्वावर उभा आहे. गाडीत विटा-वाळूचे वजन परवडणारे नव्हते, म्हणून बांबूच्या टोपलीला ओले गोणपाट गुंडाळून ती कूलरच्या झोतात ठेवली. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मेथी, भेंडी आणि वांगी तिथे गेली. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की ही युक्ती संपते. दमट हवेत गोणपाट नुसते ओले राहते आणि भाज्यांना बुरशी येते. तोपर्यंत मात्र फ्रिजचा खालचा खण रिकामा मिळतो.

या आवराआवरीनंतर ९० लिटरचा फ्रिज दोघांना फ्रिज म्हणून पुरेसा आहे, हे स्पष्ट झाले. उणीव होती ती खऱ्या फ्रीझरची. गोठवलेले अन्न उणे १८ अंश किंवा त्याखाली आणि थंड अन्न ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे, ही अन्न सुरक्षेची मान्य मर्यादा आहे. एकदारी फ्रिजच्या बर्फकप्प्याकडून उणे १८ अंशांची अपेक्षा हिवाळ्यातही धरू नये. मागणीतला “फ्रिजची जागा वाढवा” हा अर्धा भाग इथेच गळला.

पर्याय आणि ते का वगळले

गुरुजींच्या मनात सर्वांत आधी होता तो २४० लिटरचा दोनदारी फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. तो मी लवकरच बाजूला ठेवला. बर्फ वितळवण्यासाठी त्यात विजेचा हीटर असतो, पंखा असतो, आणि उभे दार उघडले की आतली जड थंड हवा खाली सांडते व वरून गरम हवा आत शिरते. शिवाय मिनीबसच्या अरुंद वाटेत त्याचे दार पूर्ण उघडणार नव्हते.

गॅसवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजचा पर्याय परदेशी कॅराव्हॅनांत सर्रास दिसतो, त्यामुळे त्याची विचारणा होणे साहजिक होते. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या चक्रावर चालणारे हे यंत्र स्वीडनमध्ये १९२२ मध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधले. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही, आणि थंड प्रदेशात वीज नसलेल्या ठिकाणी त्याच्यासारखा सोबती नाही. पण यातील द्रव केवळ गुरुत्वाने वाहतो, त्यामुळे गाडी काही अंशांपलीकडे कललेली असली की चक्र अडते; आणि बाहेरचे तापमान चाळिशीपार गेले की त्याचे काम फार ढेपाळते. शेताच्या धुऱ्यावर सपाट जागा शोधायची आणि मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीत ज्योत पेटती ठेवायची, या दोन्ही गोष्टी आपल्या प्रदेशात मला पटत नाहीत.

जुना आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर हा खरा मोह होता. तालुक्याच्या गावी असे फ्रीझर स्वस्तात मिळतात, वरून उघडणारे असतात आणि १०० लिटर जागा देतात. वरून उघडणाऱ्या पेटीत थंड हवा तळाशी साचून राहते, हा त्यांचा गुण निर्विवाद आहे. अडचण विजेची होती. तो २३० व्होल्टवर चालणार, म्हणजे इन्व्हर्टर चोवीस तास चालू. सुरू होताना त्याचा कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढणार. आणि घरगुती कॉम्प्रेसर खड्ड्यांतून रोज प्रवास करण्यासाठी बांधलेला नसतो. काचेच्या झाकणाचा असेल तर विषयच संपला, कारण ते झाकण माल दाखवण्यासाठी असते, थंडी राखण्यासाठी नव्हे.

शेवटी निवड झाली ती १२ व्होल्टवर थेट चालणाऱ्या, वाहनासाठी बनवलेल्या, वरून उघडणाऱ्या ६० लिटरच्या कॉम्प्रेसर फ्रीझरची. हा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, हेलकाव्यांची पर्वा करत नाही आणि बॅटरी फार उतरल्यास स्वतःहून थांबतो. दोन कप्पे आणि दोन तापमाने असलेला मोठा नमुनाही उपलब्ध होता, पण दोन्ही कप्प्यांना एकच कॉम्प्रेसर पुरवणारी पेटी उन्हाळ्यात कोणत्याच कप्प्याला न्याय देत नाही, असे माझे मत आहे.

जागा वाढते, गोठवण्याची ताकद वाढत नाही

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि फ्रीझर विकत घेणारे बहुतेक लोक त्याचा हिशेब करत नाहीत, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

मे महिन्यात गाडीच्या आत दुपारी ४४ आणि पहाटे ३२ अंश धरले तर सरासरी ३८ येते. फ्रीझरच्या आत उणे १८. म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंमध्ये ५६ अंशांचा फरक. पेटीला साडेपाच सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम आहे. तिचे क्षेत्रफळ आणि फोमची उष्णतावाहकता धरून हिशेब केला तर झाकण अजिबात न उघडताही सुमारे ३० वॅट उष्णता सतत आत झिरपत राहते. या वर्गातला छोटा कॉम्प्रेसर इतक्या खालच्या तापमानाला साधारण ५५ वॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. नव्या मालाला गोठवण्यासाठी उरतात २५ वॅट.

आता तलावावरून आणलेले पाच किलो रोहू-कटला घ्या. ३० अंशांवरचा मासा उणे १८ पर्यंत न्यायचा तर प्रत्येक किलोमागे जवळजवळ ३९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा तापमान न बदलता केवळ पाण्याचा बर्फ होण्यात जातो. पाच किलोंचे होतात सुमारे १,९५० किलोज्यूल. उरलेल्या २५ वॅटच्या ताकदीवर या कामाला २१ ते २२ तास लागतात. त्या काळात आतला आधीचा गोठलेला माल मऊ पडू लागतो, नवा मासा बराच वेळ धोक्याच्या तापमानात राहतो, कॉम्प्रेसर क्षणभर थांबत नाही आणि बॅटरी मात्र रात्रीतून उतरत जाते. साठ लिटरच्या पेटीत पाच किलो मासे जागेच्या दृष्टीने सहज मावतात, म्हणूनच माणूस फसतो.

यावर उपाय यंत्रात शोधण्यापेक्षा बाजारात शोधला. मासे विकणाऱ्याकडे बर्फ असतोच. मासा घेतानाच तितकाच फोडलेला बर्फ घ्यायचा, थर्मोकोलच्या पेटीत एक थर माशाचा, एक बर्फाचा असा रचायचा आणि गाडीवर पोहोचल्यावर दोन-तीन तास तसाच ठेवायचा. मासा शून्याजवळ आला म्हणजे त्याच्या उष्णतेचा पहिला हप्ता बर्फाने फेडलेला असतो. त्यानंतर एका वेळी दोनच किलो, साफ करून, चपट्या पिशव्यांत, पेटीच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. दोन किलोंना साधारण साडेसहा तास पुरतात. ते काम सकाळी लावले तर उन्हाच्या विजेवर होते. उरलेले तीन किलो तोवर बर्फात राहतात आणि दुसऱ्या दिवशी आत जातात.

चपट्या पिशवीचा आग्रह मी मुद्दाम धरला. एकूण उष्णता तितकीच काढायची असली तरी जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत थंडी पोहोचायला पातळ वडीच्या कित्येक पट वेळ लागतो. तुरीचे सोले बाई आता दोन बोटे जाडीच्या थराने पिशवीत पसरतात, ताटाखाली दाबून गोठवतात आणि मग त्या वड्या पुस्तकांसारख्या उभ्या रचतात. झाकण उघडल्यावर कोणती वडी कुठे आहे हे वरूनच दिसते, त्यामुळे उघडे राहण्याचा वेळही घटतो. आमरसही असाच ठेवतात. त्यापूर्वी तो रात्रभर फ्रिजमध्ये गार करतात.

विजेचा ताळेबंद

जुन्या व्यवस्थेत फ्रिज मे महिन्यात दिवसाला सुमारे ०.७ युनिट घेत होता. त्याच्यासाठी चोवीस तास जागा राहणारा इन्व्हर्टर स्वतःच २० वॅट खात होता, म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धे युनिट. हे अर्धे युनिट कोणत्याही वस्तूला गार करत नव्हते. कूलर, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल मिळून आणखी ०.७. नव्या फ्रीझरचे ०.७ धरले की बेरीज २.६ युनिटच्या आसपास जाते. छतावरील ६६० वॅटची पॅनेले मे महिन्यात दिवसाला अडीच युनिट देतात. नावावर ६६० वॅट असले तरी ४५ अंशांच्या उन्हात पॅनेलचा काचपृष्ठ ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि उत्पादनाचा सुमारे सहावा हिस्सा तिथेच गळतो. सलग पावसाळी दिवसांत तर एक युनिटही पदरात पडत नाही.

त्यात विदर्भातील प्रत्येक गाडीवाल्याचा पेच आहे. गाडी झाडाखाली लावली तर आत बरे वाटते पण पॅनेले सावलीत जातात. उघड्यावर लावली तर वीज मिळते पण गाडीची भट्टी होते आणि फ्रिज-फ्रीझर दोन्ही ती वीज खाऊन टाकतात. गुरुजींनी आता गाडी झाडाच्या पूर्वेला लावण्याची शिस्त ठेवली आहे. सकाळचे ऊन छतावर येते आणि दुपारी एकनंतर झाडाची सावली पूर्वेकडे सरकत गाडीवर पडते. दुपारच्या विजेसाठी ३३० वॅटचे तिसरे पॅनेल लोखंडी घडीच्या स्टँडवर, लांब केबलने, जमिनीवर उन्हात मांडतात. रात्री ते आत घ्यावे लागते, हा त्याचा त्रास आहे.

ट्युब्युलर बॅटऱ्या वयाने उतरल्या होत्या. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज रोज काढू नये, आणि २५ अंशांच्या वर तापमान जितके दहा-दहा अंशांनी वाढते तितके तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे-निम्मे होत जाते. या दोन्ही कारणांनी त्या जागी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. तिच्यातून रोज दोन युनिट निर्धास्तपणे काढता येतात. दोन जुन्या बॅटऱ्यांचे वजन शंभर किलोंच्या पुढे होते, नवीची पंचवीसच्या आत. त्यामुळे फ्रीझर, त्यातील माल आणि तिसरे पॅनेल चढवूनही गाडीचे वजन वाढले नाही. मात्र लिथियम बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान उत्पादक चार्जिंग थांबवायला सांगतात. म्हणून ती इंजिनाजवळ किंवा छताखाली न ठेवता मधल्या आसनाखाली, जमिनीलगत, हवा खेळेल अशी ठेवली आहे.

शेतावरील मुक्कामात बाहेरची वीज घ्यायची तर ती घराच्या जोडणीवरून घ्यावी, असे मी बजावले. कृषिपंपाच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच येते, तिचे व्होल्टेज खाली-वर होते आणि पंपासाठी दिलेली जोडणी इतर कामाला वापरणे नियमातही बसत नाही.

बाईंनी या ताळेबंदात एक भर सुचवली. रात्री दहा ते सकाळी सहा इन्व्हर्टर बंद ठेवायचा आणि फ्रिजमध्ये फ्रीझरमधील गोठलेल्या पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या ठेवायच्या. हिशेब करून पाहिला. रात्रीच्या आठ तासांत फ्रिजमध्ये शिरणारी उष्णता या दोन बाटल्या जेमतेम पेलतात. इन्व्हर्टरचे आणि फ्रिजचे मिळून सुमारे ०.२९ युनिट वाचते आणि बाटल्या पुन्हा गोठवायला ०.२ युनिट लागते. फायदा छोटा आहे, पण खर्च रात्रीच्या बॅटरीवरून दिवसाच्या उन्हावर सरकतो, हा खरा लाभ. अट एकच, की बाटल्या परत गोठवायला फ्रीझरची साडेआठ-नऊ तासांची शिलकी ताकद जाते, त्यामुळे मासे आले त्या दिवशी ही युक्ती बंद. मिठाचे पाणी भरले तर अधिक थंडी मिळेल, अशी गुरुजींची कल्पना होती. संपृक्ततेजवळचे मीठपाणी उणे २१ अंशांना गोठते, आणि उणे १८ च्या फ्रीझरमध्ये ते पूर्ण गोठतच नाही. साधे पाणी पुरे.

बसवताना झालेला घोळ

फ्रीझर आला तेव्हा मी बाहेरगावी होतो आणि तालुक्याच्या गावातील एका फिटरने तो जोडून दिला. गाडीच्या मागच्या टोकाला, पलंगाखालच्या पोकळीत फ्रीझर, आणि बॅटरीपासून तिथपर्यंत सहा मीटर दीड चौरस मिलिमीटरची वायर, तीही सिगारेट-लायटरच्या सॉकेटमार्फत. पहिले काही दिवस दिवसा सगळे व्यवस्थित चालले. रात्री मात्र कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करी, टक असा आवाज होई, फ्रीझरवरचा दिवा एकदा लुकलुके आणि पुन्हा शांतता. सकाळी ऊन आले की सारे पूर्ववत. तीन रात्री असे झाल्यावर वड्या वितळून पुन्हा गोठल्या आहेत हे पिशवीतल्या पाण्याच्या थरावरून बाईंच्या लक्षात आले आणि मासे टाकून द्यावे लागले.

मीटर लावल्यावर कारण मिनिटात सापडले. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट आणि फ्रीझरच्या टोकांवर, कॉम्प्रेसर चालू होताना, ११.३. जाऊन-येऊन बारा मीटरच्या त्या बारीक तांब्याचा विरोध जवळजवळ ०.१५ ओहम होतो. पाच अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरमध्येच जातो, आणि वर सॉकेटचा ढिला स्पर्श. २३० व्होल्टच्या घरगुती कामात पाऊण व्होल्टची कोणी दखल घेत नाही, पण १२ व्होल्टमध्ये तो सहा टक्के असतो. फ्रीझरवरील बॅटरी-संरक्षणाची कळ सर्वांत वरच्या पातळीवर होती, त्यामुळे बॅटरीत वीज शिल्लक असूनही यंत्राला ती संपल्यासारखी दिसत होती. “गुरुजी, एवढी जाड वायर काहून पाह्यजे? बारा व्होल्टनं काय होते?” हा फिटरचा प्रश्न प्रामाणिक होता, बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून त्याची वायरही बारीक चालेल, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि सॉकेटऐवजी स्क्रूची पक्की जोडणी केल्यावर घट ०.२ व्होल्टच्या आत आली. संरक्षणाची कळ मधल्या पातळीवर ठेवली.

पलंगाखालच्या पोकळीचे काम वेगळे करावे लागले. फ्रीझर जेवढी उष्णता आतून काढतो ती, आणि खाल्लेली वीज, दोन्ही शेवटी त्याच पोकळीत सोडतो. बंद पोकळीत दुपारी पन्नास अंश नोंदले गेले. घरगुती फ्रिजच्या मागील पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत आणि टी म्हणजे ४३ पर्यंत. पन्नास अंशांसाठी कोणताच वर्ग नाही. गाडीच्या तळाला जाळी लावून खालून हवा आत घेतली, वरच्या बाजूला दुसरी जाळी आणि तिच्यामागे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला. पंखा फ्रीझरच्या कॉम्प्रेसरबरोबरच सुरू होतो. पोकळी आता गाडीच्या आतील तापमानापेक्षा तीन-चार अंशच वर राहते. हिंगणघाटकडच्या मुक्कामात, जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम लांबला की, याच जाळीवर कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमदा बसतो. तो काढला नाही तर पंखा असून नसल्यासारखा होतो, म्हणून बाईंच्या वहीत जाळीचा ब्रश दर आठवड्याला नोंदलेला आहे.

वाहनात असे कायमस्वरूपी बदल करताना, मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे लागते. फ्रीझर पट्ट्यांनी बांधलेला आणि काढता येणारा ठेवला, तळाची जाळी मूळ सांगाड्याला हात न लावता बसवली आणि गाडीची कागदपत्रे पूर्वीच कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली होती, त्यामुळे इथे प्रश्न उद्भवला नाही.

आजची स्थिती

हिवाळ्यात आणि चिखलदऱ्याला फ्रीझर उणे १८ अंश सहज धरतो. विदर्भाच्या मैदानात मे महिन्यातील दुपारी तो उणे १४ पर्यंत वर येतो आणि पहाटेपर्यंत परत खाली जातो. दीर्घ साठवणीसाठी हे आदर्श नाही, म्हणून मैदानात असताना माशांची मुदत त्यांनी तीन आठवड्यांवर आणली आहे आणि आमरसाची मात्र काळजी केलेली नाही, कारण आंबट-गोड रस थोडा मऊ पडला तरी बिघडत नाही. प्रत्येक पिशवीवर तारीख लिहिली जाते.

इन्सुलिनची व्यवस्था फ्रीझरपासून मुद्दाम दूर ठेवली आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे आणि कधीही गोठू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. पूर्वी ते जुन्या फ्रिजच्या बर्फकप्प्याखाली असायचे, जिथे हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जात असे. आता ते दारातल्या मधल्या खणात, प्लास्टिकच्या डब्यात, कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणाऱ्या छोट्या थर्मामीटरसह असते, आणि रात्री बर्फाच्या बाटल्या त्याच्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवतात.

एक निर्णय अद्याप बाकी आहे. जुना घरगुती फ्रिज आणि केवळ त्याच्यासाठी जागा राहणारा इन्व्हर्टर मिळून उन्हाळ्यात दिवसाला १.२ युनिट घेतात. तेवढ्याच आकाराचा १२ व्होल्टचा फ्रिज त्याच्या निम्म्याहून कमी विजेत चालेल आणि इन्व्हर्टर मिक्सर लावण्यापुरताच सुरू करावा लागेल. गुरुजी तो लगेच घ्यायला तयार आहेत. बाईंचा आक्षेप असा, की पाहिलेल्या नमुन्यांत खणांची उंची कमी आहे आणि सायीचे पातेले आत जात नाही. पातेल्याची उंची मी मोजून घेतली आहे, १७ सेंटिमीटर. खणांची जाळी खाली-वर करता येईल असा उभ्या दाराचा, टी वर्गाचा नमुना मिळाला तर दिवाळीनंतर तो बसवायचे ठरले आहे.